मृतांची विचारपूस

महाराष्ट्रातील प्रत्येक पोलीस ठाण्यात गुन्ह्यांच्या नोंदीखेरीज अकस्मात मृत्यूंची स्वतंत्र नोंद ठेवली जाते. विहिरीत पडलेला, सर्पदंशाने दगावलेला, रुळांवर सापडलेला, गळफास घेतलेला, फवारणीचे औषध पोटात गेलेला, किंवा रात्री धडधाकट झोपला आणि सकाळी का उठला नाही हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही असा, प्रत्येक माणूस या नोंदीत एका क्रमांकाने उतरतो आणि ठाण्याच्या बोलीत त्या प्रकरणाला 'एडी' म्हटले जाते. म्हातारपणाने किंवा दुखण्याने माणूस गेला की घर लगेच रडू शकते. अकस्मात मृत्यूत मात्र रडण्याच्या आधी कागद येतात. मरणोत्तर पंचनामा, नातेवाइकांचे जबाब, शवचिकित्सेसाठीचे पत्र, प्रेत ताब्यात मिळाल्याची पावती, आणि या सगळ्या कागदांच्या मध्यभागी एक बंद दार, ज्याच्या आत आपल्या माणसाचे नेमके काय होत आहे हे बाहेर बसलेल्यांना ठाऊक नसते. त्या दाराआड काम करणाऱ्यांविषयी समाजात भीती आहे, किळस आहे, थोडे कुतूहलही आहे. या कामाला आयुष्य वाहून घेणारी माणसे त्यात कशाच्या ओढीने टिकतात आणि त्या ओढीत मृताविषयीची व त्याच्या घरच्यांविषयीची कणव कोणत्या रूपाने उतरते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

कोरोनरची खुर्ची

अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला इंग्लंडमध्ये कोरोनर म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी राजाचा मुकुट, म्हणजे 'क्राउन', आहे. पहिल्या रिचर्डच्या कारकिर्दीत, ११९४ साली, राजाच्या हक्कांवर नजर ठेवण्यासाठी परगण्यापरगण्यात हे अधिकारी नेमले गेले, आणि अचानक झालेल्या मृत्यूंची चौकशी त्यांच्याकडे आली तिच्यामागे दयाबुद्धी नव्हती. मृताच्या मालमत्तेतून आणि गावावर बसणाऱ्या दंडातून खजिन्यात काय जमा करता येईल, एवढाच तिचा हेतू होता. वसुलीसाठी जन्मलेल्या या पदाचे पुढच्या आठ शतकांत जे रूपांतर झाले ते मात्र विलक्षण आहे. आजच्या इंग्लंड आणि वेल्समध्ये कोरोनर चार प्रश्नांची उत्तरे शोधतो: मेलेली व्यक्ती कोण होती, तिचा मृत्यू केव्हा झाला, कुठे झाला आणि कसा झाला. कुणाला दोषी ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. परंतु ज्या कारणाने एक माणूस गेला त्याच कारणाने आणखी माणसे जाऊ शकतील असे त्याला वाटले, तर संबंधित रुग्णालयाला, रेल्वेला किंवा खात्याला तसे लेखी कळवणे २००९ च्या कायद्याने त्याचे कर्तव्य ठरते आणि त्या पत्राला ५६ दिवसांत उत्तर द्यावे लागते. मृताच्या घरच्यांना या सुनावणीत बसता येते आणि साक्षीदारांना प्रश्नही विचारता येतात.

हे पद हिंदुस्थानात आले ते कलकत्ता, मुंबई अशा मोजक्या शहरांपुरते. १८७१ च्या कायद्याने मुंबईच्या कोरोनरला साक्षीदार बोलावण्याचा, शपथेवर जबाब घेण्याचा आणि पंचांच्या, म्हणजे ज्युरीच्या, मदतीने निष्कर्ष नोंदवण्याचा अधिकार दिला. हा अधिकारी कायद्याचा जाणकार असे; शवचिकित्सा डॉक्टर करीत आणि तिचा अहवाल कोरोनरसमोर येई. कलकत्त्यातील पद आधी गेले आणि मुंबईतील पद १९९९ मध्ये बंद झाले. उरलेल्या महाराष्ट्रात ते कधी नव्हतेच. तेथे चौकशी पोलीस करीत आणि आजही सर्वत्र तेच करतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेची १७४ ते १७६ ही कलमे त्यासाठी होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची १९४ ते १९६ ही कलमे आहेत. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा मृत्यू झाला तर पंचनाम्याची जबाबदारी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा तहसीलदाराकडे जाते आणि कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकारी चौकशी करतात.

कोरोनरचे एक काम अशा रीतीने तिघांत वाटले गेले. मृत्यूचे वैद्यकीय कारण डॉक्टर लिहितो, तो अपघात, आत्महत्या की घातपात हे पोलीस तपासाने ठरते आणि मोजक्या प्रकरणांत दंडाधिकारी लक्ष घालतो. वेळ आणि खर्च या दृष्टीने या वाटणीचे समर्थन करता येईल आणि मुंबईचे पद बंद झाले तेव्हा फारसे कुणाला हळहळ वाटली असेल असेही नाही; पण या वाटणीत एक गोष्ट कुणाच्याच वाट्याला आली नाही, ती म्हणजे घरच्यांसमोर बसून त्यांचे ऐकून घेणे आणि त्यांना समजेल अशा भाषेत काय घडले ते सांगणे. चौकशी उरली, विचारपूस मात्र कुणाच्या कर्तव्यात बसेना.

शवागारातली सकाळ

जिल्हा रुग्णालयात शवागार बहुधा आवाराच्या मागच्या अंगाला असते आणि तालुक्याच्या ठिकाणी तर अनेकदा वस्तीपासून दूर, पत्र्याच्या छपराच्या एका खोलीत. सकाळी तेथे पहिल्यांदा येतो तो पोलीस शिपाई, कारण अकस्मात मृत्यूतला देह एकटा कधीच पाठवला जात नाही. पंचनामा आणि पत्र घेऊन शिपाई सोबत असतोच आणि ते कागद पुरे असल्याखेरीज डॉक्टर देहाला हात लावत नाही. झाडाच्या सावलीला नातेवाईक बसलेले असतात, त्यांच्यातला एखादा जाणता फोनवर गावाकडे वेळ कळवत असतो, कारण अंत्यविधीची सारी तयारी या एका खोलीतून देह केव्हा बाहेर पडतो त्यावर अडलेली असते.

अनुभवी डॉक्टरची सुरुवात सुरीने होत नाही, वाचण्याने होते. पंचनाम्यात देह कोणत्या दिशेला डोके करून होता, दोर कशाला बांधला होता, जवळ बाटली किंवा चिठ्ठी सापडली का, हे वाचल्यावर तो कपड्यांकडे वळतो. ओळख पटलेली नसेल तर सदऱ्याच्या कॉलरवरची शिंप्याची पट्टी, हातावर गोंदलेले नाव, गळ्यातला ताईत, पायाच्या बोटांतली जोडवी, यांतले काहीही त्या देहाला त्याच्या गावापर्यंत पोहोचवू शकते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर बहुतेक वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडत आली आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या अंगावर ओळखपत्र नसते. लोहमार्ग पोलिसांना तेव्हा अशाच खुणांचा आधार उरतो.

त्यानंतर देहाची बाह्य पाहणी होते. रक्ताभिसरण थांबले की रक्त गुरुत्वाकर्षणाने खालच्या भागात उतरते आणि तेथे जांभळट छटा येते; ही छटा पाठीवर असायला हवी आणि छातीवर दिसली, तर मृत्यूनंतर देह हलवला गेला असावा असा संशय येतो. देह ताठरतो आणि पुन्हा सैल पडतो, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला हिरवट डाग उमटतो, आणि महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात हे सारे युरोपीय पुस्तकांत दिलेल्या वेळेपेक्षा फार लवकर घडते. याच कारणाने जयसिंग पी. मोदी यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या न्यायवैद्यकशास्त्रावरील ग्रंथाला भारतात एवढे महत्त्व आले. कायद्याच्या कामी येणाऱ्या वैद्यकाचे हे शास्त्र त्यांनी इथल्या हवेत आणि इथल्या विषांच्या संदर्भात मांडले. सूर्यास्तानंतर शवचिकित्सा करायची नाही हा जुना प्रघातही निव्वळ सोयीचा नव्हता, कारण पिवळ्या दिव्यात जखमेभोवतीच्या रंगछटा फसवतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने पुरेसा प्रकाश आणि सोयी असलेल्या रुग्णालयांना रात्रीही हे काम करण्याची मुभा दिली, मात्र खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह आणि घातपाताचा संशय अशी प्रकरणे सर्वसाधारणपणे त्यातून वगळली. लांबच्या गावाला जायचे असलेल्या कुटुंबाची एक रात्र त्यामुळे वाचू शकते आणि ही सुधारणा दिसायला लहान असली तरी दिलाशाची आहे.

मानेवरची रेघ

गळफासाच्या प्रकरणात डॉक्टरचे सारे लक्ष मानेवर असते. माणूस लटकल्याने पडणारा वळ सहसा हनुवटीच्या जवळ, वर असतो, तिरका चढत जातो आणि गाठीच्या बाजूला तुटतो. दोरीने दुसऱ्याने गळा आवळला असेल तर वळ खाली, आडवा आणि मानेला पूर्ण वेढणारा असण्याचा संभव अधिक. वळाची रुंदी, कानाच्या पाळीपासूनचे अंतर, कातडीवर उमटलेली दोराच्या पिळाची नक्षी, हे सारे मोजून लिहिले जाते आणि आकृतीत काढले जाते. त्यानंतरही मान लगेच उघडली जात नाही. आधी कवटी आणि छाती उघडतात, म्हणजे मानेतले रक्त ओसरते, आणि मग एकेक थर सोडवत जावे लागते, नाहीतर सुरीमुळे झिरपलेले रक्त पाहून जिवंतपणी मार बसल्याचा भास होतो. खरे तर या एका पायरीला लागणारा जास्तीचा अर्धा तासच अनेकदा एखाद्या निरपराध नवऱ्याला किंवा भावाला खुनाच्या आरोपातून वाचवतो, आणि उलट एखाद्या मुलीच्या खुनाला आत्महत्येचे नाव मिळू देत नाही.

याच ठिकाणी शास्त्र आणि माया यांची गाठ पडते, आणि ती सोपी नाही. जिवंतपणी फास बसला असेल तर लाळग्रंथींवर दाब येऊन गाठीच्या विरुद्ध बाजूच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळेचा एक बारीक ओघळ हनुवटीवर, छातीवर उतरतो. मेल्यावर लटकवलेल्या देहाला हा ओघळ नसतो. एवढी मोठी साक्ष देणारी ही खूण पदराच्या एका फटकाऱ्याने जाते, आणि ती पुसणारा हात बहुतेक वेळा आईचा किंवा बहिणीचा असतो, कारण मुलाचे तोंड तसे राहू द्यायला कुणाचे मन धजत नाही. दोर कापून देह खाली घेणे, तोंड पुसणे, डोळे मिटवणे, कपडे सारखे करणे, या सगळ्या गोष्टी घरचे करणारच. त्यांच्यावर चिडण्याऐवजी काय काय पुसले, कुणी गाठ सोडली, दोर कुठे ठेवला, हे शांतपणे विचारून लिहून घेणारा डॉक्टर दोन्ही बाजू सांभाळतो.

जळालेल्या देहाच्या बाबतीत श्वासनलिका बोलते. आग लागली तेव्हा श्वास चालू असेल तर काजळी नलिकेत खोलवर उतरते. नलिका स्वच्छ असेल तर आगीआधीच प्राण गेला असण्याची शक्यता तपासावी लागते. स्टोव्हच्या भडक्याने सुना जळाल्याच्या बातम्या रोजच्या झाल्या होत्या त्या काळात, १९८३ आणि १९८६ च्या कायदेबदलांनी विवाहित स्त्रीच्या मृत्यूची विशेष दखल घेतली. त्या कायद्यांना शवचिकित्सेच्या टेबलावर अर्थ मिळाला तो काजळीच्या अशा रेघांनी, आणि त्या नीट पाहून लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या चिकाटीने.

मीठ आणि लाख

विषाचा संशय असेल तर शरीरातील काही अवयव रासायनिक तपासणीसाठी राखून ठेवतात. त्याला रुग्णालयात आणि ठाण्यात 'व्हिसेरा' म्हणतात. एका रुंद तोंडाच्या बरणीत जठर आणि त्यातील अन्न, लहान आतड्याचा हातभर तुकडा, दुसरीत यकृताचा तुकडा आणि दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे भाग, वेगळ्या कुपीत रक्त, असे ते भरले जाते. बरणीत ओतले जाते ते साध्या मिठाचे संपृक्त पाणी, म्हणजे तळाशी मीठ विरघळायचे शिल्लक राहील इतके खारट. लोणचे टिकवणारे मीठच येथे पुरावा टिकवते. बरणी दोन तृतीयांशच भरायची, कारण कुजताना वायू सुटतो. झाकणावर कापड, कापडावर सुतळी, सुतळीच्या गाठीवर वितळलेली लाख, आणि लाखेवर मोहोर. त्याच मोहोरेचा नमुना वेगळ्या कागदावर उमटवून सोबत जातो, म्हणजे मुंबईतील कालिना येथील किंवा विभागातील अन्य न्यायसहायक प्रयोगशाळेत बरणी वाटेत उघडली गेली नाही हे ताडून पाहता येते. मोहोर अस्पष्ट उमटली किंवा लेबलावरचा क्रमांक चुकला, तर पुढे न्यायालयात सारी तपासणी निरर्थक ठरू शकते.

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत डॉक्टर अंतिम कारण लिहू शकत नाही. प्रमाणपत्रावर तेव्हा 'मत राखून ठेवले' असे शब्द येतात. वैद्यकाच्या दृष्टीने हे प्रामाणिकपणाचे वाक्य आहे, पण घरच्यांच्या कानाला ते काहीतरी दडवल्यासारखे लागते, आणि विम्याचा दावा, मदतीचा अर्ज, वारसाची नोंद, सारे त्या तीन शब्दांपाशी कित्येक महिने खोळंबते. याविषयी डॉक्टरने दोन मिनिटे बाहेर येऊन सांगितले तर संशयाची निम्मी धार जाते. कायदा हे सांगणे सक्तीचे करत नाही. जे सांगतात ते आपणहून सांगतात.

१९५६ मधला एक बेवारस देह

पुण्यातील एका विधवा बाईचा मृत्यू आणि त्यातून उभा राहिलेला डॉक्टर अनंत चिंतामण लागू यांच्यावरील खटला मराठी वाचकांच्या जुन्या पिढीला आठवत असेल. नोव्हेंबर १९५६ मध्ये रात्रीच्या गाडीने या बाईंना बेशुद्धावस्थेत मुंबईत आणले गेले, एका सरकारी रुग्णालयात खोट्या नावाने दाखल केले गेले आणि १३ नोव्हेंबरला काही तासांतच त्यांचा मृत्यू झाला. शवचिकित्सेची मागणी कागदावर आधी लिहिली गेली आणि नंतर खोडली गेली, मधुमेहातील बेशुद्धी हे कारण नोंदले गेले, आणि देहावर हक्क सांगायला कुणीच आले नाही. बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना शिक्षणासाठी देण्याची तरतूद मुंबई राज्याच्या १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्यात होती, त्यानुसार हा देहही त्या वाटेला लागला. मानेवर संशयास्पद खूण दिसली म्हणून तो तेथून परत फिरला आणि मृत्यूनंतर दहा दिवसांनी त्याची शवचिकित्सा झाली.

रासायनिक तपासणीत विष सापडले नाही. तरीही खोटे नाव, मृत्यू लपवण्याची धडपड आणि त्यानंतर त्यांची मालमत्ता हडप करण्यासाठी रचलेली पत्रे व कागद, या परिस्थितीजन्य पुराव्यावर आरोपीला दोषी ठरवले गेले आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो निर्णय कायम केला. कायद्याचे विद्यार्थी हा खटला विष सिद्ध न होता खून सिद्ध होऊ शकतो का, या प्रश्नासाठी वाचतात. या लेखाच्या दृष्टीने त्यातले दहा दिवस महत्त्वाचे आहेत. खोटे नाव चिकटलेला एक देह शीतपेटीत पडून होता, प्रत्येक टेबलावरचा कागद पुढच्या टेबलाकडे सरकत होता आणि प्रत्येकाचे काम नियमाने पूर्ण झाले होते. कुणाच्या तरी डोळ्यांना ती खूण दिसली नसती, तर त्या बाईचे खरे नाव त्या देहाला पुन्हा कधी मिळाले नसते. ज्याच्यासाठी कुणी भांडायला येणार नाही अशा देहाकडेही तितक्याच बारकाईने पाहणे, ही या व्यवसायातली सर्वांत कठीण आणि सर्वांत निःस्वार्थ सवय आहे. तिची दखल घेणारे मृताच्या बाजूचे कुणीही नसते.

काय लिहायचे

अचानक मेलेल्यांची तपासणी कशी करावी, याचे एक प्रकरण कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात आहे. 'आशुमृतकपरीक्षा' हे त्याचे नाव. देहाला तेल माखून पाहणी करावी असे तेथे सांगितले आहे आणि गळा दाबलेल्या, बुडालेल्या, विष दिलेल्या माणसाची लक्षणे वेगवेगळी नोंदली आहेत. निरीक्षणाची ती तीक्ष्णता आजही चकित करते. मात्र त्याच प्रकरणात काम किंवा क्रोध यांच्या आहारी जाऊन जीव देणाऱ्याचा देह दोराने राजमार्गावरून ओढत न्यावा आणि त्याला अंत्यसंस्कार मिळू नयेत असाही दंडक आहे. इंग्लंडची गोष्ट निराळी नव्हती. आत्महत्या करणाऱ्याला तेथे चव्हाट्यावर पुरले जाई आणि त्याची चीजवस्तू जप्त होई. पहिली प्रथा १८२३ मध्ये आणि जप्ती १८७० मध्ये कायद्याने संपली. त्या आधीच्या काळात कोरोनरसमोर बसलेले पंच अनेकदा मृताने वेडाच्या भरात जीव दिला असा निष्कर्ष नोंदवीत, कारण तसे लिहिले की विधवेचे घर जप्तीतून वाचे. कायदा निर्दय होता तेव्हा शेजारपाजारच्या सामान्य माणसांनी एका शब्दाच्या आडून दया केली.

भारतात आता कायदाच मवाळ झाला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आणि नव्या न्याय संहितेत तो प्रयत्न सरसकट गुन्हा म्हणून उरलेला नाही. तरीही शवागाराच्या दारात विनंत्या येतच राहतात. लग्नाच्या मुलीचा बाप अहवालात फास लिहू नका म्हणतो, कारण मागे दुसरी मुलगी असते. विदर्भात किंवा मराठवाड्यात हेच नेमके उलटे होते: शेतकऱ्याने जीव दिल्यावर राज्य सरकारची एक लाख रुपयांची मदत, जिच्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत असतात, मिळायची तर आत्महत्या कागदावर सिद्ध व्हावी लागते आणि त्यानंतरही नापिकी, थकीत कर्ज आणि वसुलीचा तगादा हे निकष लागून जिल्ह्याची समिती त्या मृत्यूला 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरवते. मेलेल्या माणसाला लावलेले हे दोन शब्द मराठीतल्या अत्यंत कठोर शब्दांपैकी आहेत. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा तर विष प्यायलेले की श्वासातून व कातडीतून गेलेले, हा फरक घराच्या भवितव्याचा प्रश्न झाला होता.

डॉक्टर या कुठल्याच विनंतीला होकार देऊ शकत नाही आणि त्याने तो देऊही नये. तो मृत्यूचे कारण लिहितो, हेतू लिहीत नाही. या मर्यादेतही करण्यासारखे पुष्कळ असते. जठरात अन्न किती होते, विषाचा वास कोणता, हाताला-पाठीला फवाऱ्याच्या औषधाने भाजल्याच्या खुणा होत्या का, कपडे विषाने भिजले होते का, हे पूर्ण लिहिले तर पुढचा तपास आणि पुढची समिती यांना वाट सापडते. दोन ओळींत उरकलेला अहवाल कुणाचेच भले करीत नाही, त्यात मृताबद्दल कितीही हळहळ वाटलेली असो.

टाके घालणारे हात

या कामाचा विचार करताना डॉक्टर पुढे येतो आणि प्रत्यक्ष देह उचलणारा, उघडणारा आणि शिवणारा माणूस मागे राहतो. अनेक ठिकाणी हे काम सफाई कामगाराच्या माथी आहे, त्याचे वेगळे शिक्षण नसते, हातमोजे आणि मुखपट्ट्या पुरेशा मिळतील याचा भरवसा नसतो, आणि दारूच्या आधाराशिवाय हात लावता येत नाही अशी अवस्था अनेकांची होते. कुणी हे काम करायचे हे जातीच्या उतरंडीने शतकानुशतके ठरवले आणि सरकारी नोकरीच्या पदनामांनी ती वाट फारशी बदलली नाही. मृताविषयी कणव बाळगणाऱ्या व्यवस्थेने या जिवंत माणसाविषयी इतके बेपर्वा असावे, हे लाजिरवाणे आहे.

आणि तरीही यांतल्या जाणत्या हातांचे काम पाहण्यासारखे असते. कवटी उघडण्यासाठीचा छेद एका कानामागून माथ्यावरून दुसऱ्या कानामागे नेतात, म्हणजे पुढे शिवण केसांत लपते आणि चेहऱ्याला धक्का लागत नाही. अवयव तपासून झाले की ते शरीरात परत ठेवले जातात, पोकळी कापसाने भरतात, दाभणासारख्या वाकड्या सुईने हनुवटीखालून ओटीपोटापर्यंत एकसारखे, जवळजवळ टाके पडतात, देह धुतला जातो, केस विंचरले जातात आणि चादर अशी गुंडाळली जाते की तोंड तेवढे उघडता यावे. ही चादर काढून शेवटचे दर्शन घेणाऱ्याच्या मनात आयुष्यभर राहणार असतो तो हाच चेहरा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सन्मानाचा हक्क मृतदेहालाही आहे असे मान्य केले आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०२१ मध्ये मृतांच्या सन्मानाविषयी सूचना काढल्या. त्या सन्मानाची रोजची अंमलबजावणी टाक्यांच्या या अंतरात होते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २०२१ पासून सीटी स्कॅनच्या आधारे, छेद न घेता किंवा कमीत कमी छेद घेऊन शवचिकित्सा करण्याची सोय झाली आहे. तालुक्याच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत ती पोहोचेपर्यंत भार सुईवरच राहील.

न्यायवैद्यकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांपैकी अनेकांची ही पहिली पसंती नसते. येथे खासगी दवाखाना नाही, बरा होऊन पेढे घेऊन येणारा रुग्ण नाही, आणि बदली झाल्यावरही जुन्या गावच्या न्यायालयाचे समन्स वर्षानुवर्षे पाठलाग करते. तेथे उलटतपासणीत वकील एका शब्दावर तासभर अडवतो आणि आठ वर्षांपूर्वीच्या देहाबद्दल डॉक्टरजवळ असते ते त्याने त्या दिवशी लिहिलेले आणि काढलेले तेवढेच. ज्यांनी मनापासून लिहिले त्यांना त्या वेळी आपल्याच अक्षराचा आधार मिळतो. कोठडीतील मृत्यूच्या शवचिकित्सेचे चित्रीकरण व्हावे असे मानवी हक्क आयोगाने १९९५ मध्ये राज्यांना कळवले आणि १९९७ मध्ये अहवालाचा आदर्श नमुना दिला, त्यामागेही हीच जाणीव आहे. अशा वेळी डॉक्टरला ज्यांच्या कागदावर काम सुरू होते त्या पोलिसांविरुद्धच मत द्यावे लागू शकते. या कामात टिकवून ठेवणारी ओढ म्हणजे कोडे सोडवण्याचा आनंद आहे, यात शंका नाही, परंतु तो आनंद टिकतो तो या जाणिवेने की त्या खोलीत मृताच्या बाजूने बोलू शकणारे दुसरे कुणी नाही.

दाराबाहेरचा बाक

दुपार कलते तेव्हा दार उघडते. काही रुग्णालयांत नातेवाइकांसाठी बाक आणि पाण्याचे पिंप आहे, बहुतेक ठिकाणी झाडच आहे. तेथे एक समाजसेवा अधीक्षक रोज बसावा, काय केले जाईल आणि किती वेळ लागेल हे आत नेण्याआधीच सांगावे, अहवालाची प्रत कुठे आणि केव्हा मिळेल ते लिहून द्यावे, एवढी सोय झाली तरी कोरोनरच्या सुनावणीतला घरच्यांचा हक्काचा वाटा थोडाफार परत येईल; त्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक पद आणि एक खोली लागते.

तोवर हे काम शिपाई आणि डॉक्टर आपापल्या परीने करतात. देह गाडीत ठेवण्याआधी अंगावरच्या वस्तू परत द्यायच्या असतात आणि त्यांची यादी मोठ्याने वाचली जाते. पोलिसांच्या कागदावर सोने कधी सोने नसते, कारण ते सोनेच आहे हे सांगायला शिपाई सोनार नाही. म्हणून यादीत पिवळ्या धातूच्या दोन वाट्या, काळे मणी, पांढऱ्या धातूची जोडवी एक जोड, हिरव्या काचेच्या बांगड्या फुटलेल्या, असे उतरते. जवळची बाई कागदाच्या पुडीतून त्या दोन वाट्या तळहातावर घेते, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधते आणि पावतीवर अंगठा उठवते. शिपाई शाई पुसायला तिला आपल्याजवळचा कापसाचा बोळा देतो.